दादासाहेब फाळके : पडद्यामागची शाळा

एखादी कला एखाद्या देशात रुजली असे केव्हा म्हणावे? तिचा पहिला आविष्कार तेथे घडला म्हणजे, की त्या कलेला लागणारे कारागीर तेथल्याच मातीत तयार होऊ लागले म्हणजे? भारतीय चित्रपटाच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू गेल्यास धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्राला एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो. पहिला भारतीय कथाचित्रपट निर्माण करणारे म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. तथापि तो चित्रपट काढण्यापूर्वी तो काढू शकतील अशी माणसे त्यांना घडवावी लागली, आणि त्यांत सर्वांत कसोटीचे काम कॅमेरा चालविणारा माणूस घडविण्याचे होते, ही गोष्ट त्या मानाने फारशी बोलली जात नाही. बडोद्याच्या वाचकाला तर ती विशेष जवळची वाटावी; कारण स्वतः फाळके यांच्या हाती कॅमेरा आला तो याच नगरीत.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. घरच्या परंपरेप्रमाणे धुंडिराजाने पौरोहित्याचे व शास्त्राचे अध्ययन करावे, हेच अपेक्षित होते. परंतु मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता आणि १८८५ मध्ये त्याने सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील शिक्षणानंतर वडीलबंधू शिवरामपंत यांच्याबरोबर तो बडोद्यास आला.

त्या काळचे बडोदे हे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दूरदृष्टीने नवे रूप धारण करीत होते. १८९० मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवनाची स्थापना झाली. कारागिरी आणि शास्त्र यांची फारकत असू नये, रंग, यंत्रे व रसायने यांचे ज्ञान देशी भाषेतून सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावे, या हेतूने उभी राहिलेली ही संस्था होती. तैलरंग व जलरंग यांतील चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला अशा नाना विषयांत फाळके यांनी तेथे गती मिळविली आणि छायाचित्रणाची त्यांना गोडी लागली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या त्यांच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. या विद्यार्थ्याची चिकाटी ओळखून गज्जर यांनी कलाभवनातील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा त्याच्या हवाली केली. पुढे तीनरंगी ठसे तयार करण्याची विद्या आत्मसात करण्यासाठी त्यांनी त्याला रतलामलाही पाठविले.

गज्जर यांच्या या कृतीत अध्यापनाची एक पद्धत दडलेली आहे. ज्याच्या अंगी जिद्द दिसते त्याच्या हाती सामग्री सोपवावी, त्याला प्रयोग करू द्यावेत, बिघडले तर पुन्हा करू द्यावेत, आणि जेथे आपले ज्ञान संपते तेथून पुढे त्याला दुसऱ्या जाणकाराकडे पाठवावे. पुढे वीस वर्षांनी फाळके जेव्हा स्वतः शिक्षक झाले, तेव्हा त्यांची रीत याहून निराळी नव्हती.

मधली वर्षे मात्र सुखाची गेली नाहीत. छायाचित्रणाचा व्यवसाय करण्यासाठी ते गोध्र्यास गेले. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि अपत्य दोघेही दगावले. भग्न मनाने ते बडोद्यास परतले. येथे पुन्हा छायाचित्रणाचे दुकान थाटले. पण कॅमेरा माणसातील तेज शोषून घेतो आणि आयुष्य घटते, असा समज त्या काळी पसरलेला असल्याने गिऱ्हाईक येईना. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम त्यांनी पत्करले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर या सासरी सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. परंतु स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती सोडून त्यांनी छपाईच्या धंद्यात उडी घेतली. लोणावळ्यास आणि नंतर दादरला त्यांनी छापखाना चालविला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. कामाचा लौकिक झाला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि आपण नावारूपास आणलेला छापखाना त्यांनी सोडून दिला.

चाळिशी उलटलेली, हाती धंदा नाही, अशा या अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असता त्यांच्या अंतश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील देवदेवता आपल्याच लोकांनी अशा पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. मिळेल ती उपकरणे आणि पुस्तके गोळा करून ते रात्रंदिवस प्रयोग करू लागले. झोप तुटली, डोळ्यांवर असह्य ताण पडला आणि एक वेळ अशी आली की त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी व चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली, ती आल्याबरोबर पुन्हा त्याच कामाला लागली.

येथे तत्कालीन परिस्थितीचा थोडा विचार केला पाहिजे. हलती चित्रे या देशाला नवीन राहिली नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला होता. सावेदादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीच्या सामन्याचे चित्रण केले होते. परंतु घडणाऱ्या प्रसंगाचे चित्र टिपणे वेगळे आणि दृश्यामागून दृश्य रचून कथा सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे काम जाणणारा छायालेखक येथे मिळणे दुरापास्त होते. दादासाहेब तोरणे यांनी ‘श्री पुंडलिक’ या नाटकाचे चित्रण करून १८ मे १९१२ रोजी ते मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दाखविले. हा उपक्रम निःसंशय महत्त्वाचा होता. मात्र त्याचा कॅमेरा जॉन्सन नावाच्या परदेशी छायालेखकाने चालविला होता आणि फिल्मवरील रासायनिक प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. ज्याला उद्यम उभारायचा होता त्याच्यासमोर त्या काळी हाच एक सरळ मार्ग होता : पगार देऊन परका जाणकार आणावा आणि फिल्म बोटीने विलायतेस पाठवावी. हा मार्ग चोखाळणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्या मार्गाने एक चित्रपट हाती येतो, विद्या येत नाही. जाणकार परत गेला की दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फाळके यांनी दुसरा मार्ग निवडला. तो अधिक खर्चाचा नव्हता, पण अधिक जोखमीचा होता. आपले विमापत्र तारण ठेवून त्यांनी यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची त्यांनी गाठ घेतली. हे साप्ताहिक ते हिंदुस्थानात असताना वाचीत असत, एवढीच काय ती ओळख. कॅबोर्न यांनी प्रथम या धंद्यातील धोके दाखवून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण पाहुण्याची तयारी पाहून त्यांनीच वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांचा परिचय करून दिला. हेपवर्थ यांनी आपल्या चित्रशाळेचे सर्व विभाग मोकळ्या मनाने दाखविले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून फाळके १ एप्रिलला परतले. दोन महिन्यांच्या या प्रवासातील प्रत्यक्ष शिक्षणाचे दिवस मोजकेच होते. त्या अल्पावधीत जे उमजले ते बडोद्याच्या प्रयोगशाळेत आणि छापखान्याच्या काळोख्या खोलीत वीस वर्षे मुरलेल्या ज्ञानामुळे.

दादरच्या मुख्य रस्त्यावर, ज्याला आज त्यांचेच नाव आहे, मथुरा भवन या बंगल्यात त्यांनी संसार आणि कारखाना दोन्ही थाटले. यंत्रसामग्री मे महिन्यात येऊन पोहोचली. सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी ती चार दिवसांत जुळविली आणि पहिला वर्ग घरातच भरविला. पहिल्या विद्यार्थिनी सरस्वतीबाई. त्या वेळी विकत मिळणारी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. तिच्या दोन्ही कडांना एकसारख्या अंतरावर छिद्रे पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दातांवर बसत नसे आणि हे काम प्रकाशापासून दूर, अंधाऱ्या खोलीत करावे लागे. एका फुटात दोन्ही कडांची मिळून १२८ छिद्रे येतात. छिद्रांची रांग जरा ढळली तर पडद्यावरचे चित्र थरथरते. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, ती वाळविणे ही कामेही घरच्या माणसांनी हाती घेतली. शेजारपाजारच्या मुलांचे चित्रण करून यंत्राची पहिली पारख झाली.

भांडवलदाराचा विश्वास बसावा म्हणून फाळके यांनी जे केले ते त्यांच्या स्वभावाचे उत्तम निदर्शक आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यांनी कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ नियमाने थोडी थोडी चित्रे घेत राहिले. दाणा फुटतो, अंकुर वर येतो, वेल चढते, हे सर्व पडद्यावर सुमारे एका मिनिटात दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्राने पुढील कर्जाची वाट मोकळी केली. तेही पुरेना तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने पुढे केले.

‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा एक अडचण उभी राहिली. कॅमेरा चालविण्याचे ज्ञान त्या घरात सर्वांत अधिक होते ते फाळके यांनाच. पण राजा, राणी, राजपुत्र, ऋषी यांची कामे करणाऱ्यांपैकी बहुतेकांना या माध्यमाची ओळखच नव्हती. दत्तात्रेय दामोदर दाबके हे हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते. स्त्रीभूमिका करावयास स्त्री मिळेना म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाची तारामतीसाठी निवड झाली. रोहिदासाचे काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र करीत होता. या मंडळींना उभे कसे राहावे, कोठे पाहावे, कोठवर चालावे, हे प्रत्येक दृश्यात समोर उभे राहून सांगणे अवश्य होते. दिग्दर्शकाने कॅमेऱ्याच्या मागे अडकून पडणे परवडणारे नव्हते. मागे दुसरा माणूस हवा होता.

त्या जागेसाठी फाळके यांनी त्र्यंबकेश्वर येथील आपले बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना निवडले आणि कॅमेरा चालविण्याचे शिक्षण स्वतः दिले. या निवडीचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. चित्रीकरणाच्या दिवशी श्रम, कपडेपट, देखावे, जेवणखाण या सर्वांवर झालेला खर्च शेवटी कॅमेऱ्यातील अरुंद पट्टीवर उतरतो. ती पट्टी काळोखात धुवेपर्यंत तिच्यावर काय उमटले हे कोणालाच कळत नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस चुकला तर दिवस फुकट जातो, आणि लपवू लागला तर आठवडा. अशा जागी तयार कौशल्यापेक्षा विश्वास अधिक मोलाचा ठरतो. कौशल्य शिकविता येते. ते शिकविण्याइतका आत्मविश्वास मात्र निवडणाऱ्यापाशी असावा लागतो, आणि तो फाळके यांच्यापाशी होता.

त्या काळच्या कॅमेऱ्याजवळ उभे राहणाऱ्यास काय काय शिकावे लागे, याची आजच्या वाचकाला कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल. कॅमेरा हा लाकडी पेटीसारखा, तिपाईवर बसविलेला आणि हाताने फिरवायचा. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उतरत. सेकंदाला सोळा चित्रे हा सर्वसाधारण वेग, म्हणजे सेकंदाला बरोबर दोन फेरे. समोर तलवारी चमकोत की अश्रू ओघळोत, हाताची लय बदलता कामा नये. हात मंदावला तर पडद्यावर पात्रे धावू लागतात आणि प्रत्येक चित्रावर प्रकाश अधिक पडून दृश्य पांढरे पडते. हात घाईने फिरला तर हालचाली जड होतात आणि चित्र काळवंडते. मृदंगावर ठेका धरणाऱ्याला लागतो तसला संयम येथे मनगटाला लागे. प्रकाश मोजण्याचे साधन म्हणजे स्वतःचा डोळा. चित्रीकरण उन्हातच चाले. ढग आला की थांबायचे, सूर्य कलला की सावल्या सांभाळायच्या. काळोख जेथे साचे तेथे पांढऱ्या चादरी धरून ऊन परतविले जाई, आणि तळपत्या उन्हात त्या चादरी धरून उभ्या राहणाऱ्यांत सरस्वतीबाईही असत.

रंगांचे गणितही वेगळे होते. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. त्यामुळे तांबडे वस्त्र पडद्यावर काळे दिसे, निळे आकाश पांढरे होई आणि ओठांचा रंग काळसर उतरे. डोळ्यांना सुंदर दिसणारा पोशाख फिल्मला कसा दिसेल हे आधीच ओळखता यावे लागे. फिल्मच्या याच दोषाचा एक लाभ असा की काळोख्या खोलीत तांबड्या दिव्याच्या उजेडात ती धुता येई. दिवसभराचे चित्रण झाले की संध्याकाळी त्या खोलीत काम सुरू होई. जे बिघडले असेल ते दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले जाई. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यासारखी शाळा नाही. दुपारी केलेली चूक रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाची आणि सकाळी ती सुधारावयाची. फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला गेली असती तर हीच चूक कळावयास कित्येक आठवडे लागले असते, आणि तोवर ती अनेकदा पुनरावृत्त झाली असती. घरच्या घरी फिल्म धुण्याचा फाळके यांचा आग्रह काटकसरीपुरता नव्हता. तो त्यांच्या शिक्षणपद्धतीचा गाभा होता.

चित्रीकरणाला अडथळे कमी आले नाहीत. मुंबईबाहेर वांगणी गावी बाह्यदृश्ये घेण्यास गेलेली मंडळी तलवारी-भाले घेऊन उतरली तेव्हा गावकऱ्यांचा त्यांच्याविषयी भलताच ग्रह झाला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. कॅमेरा व त्याचे कार्य समजावून सांगितल्यावर सुटका झाली. सहा महिने सत्तावीस दिवसांच्या परिश्रमानंतर ३७०० फूट लांबीचा, चार रिळांचा चित्रपट पूर्ण झाला. फुटाला सोळा चित्रे या हिशेबाने ती जवळजवळ साठ हजार चित्रे होतात. वर्षभरापूर्वी हलत्या चित्रांच्या कॅमेऱ्याचे शास्त्र ज्याला शिकायचे होते, अशा माणसाच्या हाताच्या लयीवर हा सारा डोलारा उभा होता. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ जनतेसाठी दाखविण्यात येऊ लागला. कथा, पटकथा, देखावे, वेषभूषा, संकलन, फिल्मवरील प्रक्रिया, सारे काही फाळके यांचे. छायालेखक म्हणून मात्र नाव तेलंग यांचे. आपल्या चित्रपटाच्या सर्व अंगांवर ज्याचा हात होता, त्याने हे एक अंग शिष्यवत मित्राच्या स्वाधीन केले, ही त्या यशाची न दिसणारी बाजू होय.

त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट तेथे झाले. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा इंग्लंडला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक कौशल्याची तारीफ केली आणि तेथेच राहून चित्रपट काढावेत असे सुचविले. पण उद्योग स्वदेशात उभारावयाचा म्हणून ते परतले. पुढे महायुद्ध पेटले, भांडवल आटले. या कठीण काळात १९१७ मध्ये त्यांनी एक वेगळाच छोटा चित्रपट काढला. चित्रपट कसे तयार करतात, हाच त्याचा विषय होता. त्यात फाळके स्वतः नटांना शिकविताना, फिल्म तपासताना आणि जोडताना दिसतात. गुपित राखले तर स्पर्धक निर्माण होणार नाहीत, ही व्यापारी दृष्टी त्यांच्या ठायी असती तर असा चित्रपट निघता ना. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये भारतीय चित्रपटाविषयी त्यांनी जी लेखमाला लिहिली तीही याच वृत्तीची द्योतक आहे. प्रयोगशाळेत जे शिकविता येत नव्हते ते त्यांनी मराठी वाचकाला लेखणीने सांगितले.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. जादूच्या खेळांचा अनुभव असलेल्या फाळके यांनी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्यासारख्या युक्त्या कॅमेऱ्यातच साधल्या. अशा चित्रणात फिल्म नेमकी किती मागे घ्यावयाची आणि भिंगाचा कोणता भाग झाकावयाचा, याचा हिशेब कॅमेरा चालविणाऱ्याला चोख ठेवावा लागतो. ही विद्या केवळ तेलंगांपुरती राहिली नाही. तारामती आणि सीता म्हणून लोकप्रिय झालेले साळुंके स्वतःच पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि १९२० नंतरच्या काळात छायालेखक म्हणून काम करू लागले. उपाहारगृहातून रंगपटात आणि रंगपटातून कॅमेऱ्याकडे हा त्यांचा प्रवास फाळके यांच्या कारखान्यात शिक्षणाचे दार किती मोकळे होते याची साक्ष देतो. तेथे जन्म किंवा पदवी पाहिली जात नसे. शिकण्याची तयारी पाहिली जाई.

या चरित्राला सावलीची बाजू नाही असे मात्र नाही. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या सहकार्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि मंदाकिनी या त्यांच्या कन्येच्या कृष्णाच्या भूमिकेने गाजलेला ‘कालियामर्दन’ हे चित्रपट या कंपनीचे. परंतु सर्व सूत्रे आपल्या हाती असावीत या सवयीचे आणि हिशेबी भागीदारीचे पटेना. १९१९ मध्ये ते कंपनी सोडून काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी पुन्हा परतले. हाताखालच्या माणसाला मन लावून शिकविणाऱ्या फाळके यांना बरोबरीच्या माणसाशी जुळवून घेणे जड जाई. छापखान्यात जे घडले तेच चित्रपटातही घडले. गुरूच्या भूमिकेत ते जितके उदार होते तितके भागीदाराच्या भूमिकेत नव्हते, असे म्हणावे लागते.

त्यांच्या परतण्यापर्यंत काळही बदलला होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच्या कल्पकतेने कॅमेरा तयार करून चित्रपट काढण्यास आरंभ केला होता आणि त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल यांच्यासारखे कलावंत घडत होते. मुंबईत कंपन्या निघत होत्या. १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे साक्ष देताना फाळके यांनी सांगितले की आरंभी या देशात कोणालाच या धंद्याची माहिती नसल्याने अभिनय शिकविण्यापासून चित्रण आणि प्रक्षेपणापर्यंत सारे त्यांना स्वतःच करावे लागले. त्या सांगण्यात अभिमान होता, तशीच एका युगाच्या समाप्तीची जाणीवही असावी. १९३१ मध्ये बोलपट आला. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट पूर्ण होईपर्यंत प्रेक्षकाला ध्वनीची चटक लागली होती, म्हणून त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. या वेळी छायालेखक, ध्वनिलेखक, प्रयोगशाळेतील जाणकार असे सारे साहाय्यक तयार होते. कोणाला दांडा कसा फिरवावा हे शिकविण्याची गरज उरली नव्हती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, प्रसिद्धीच्या झोतापासून दूर, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९६० मध्ये, पुण्यात प्रभातच्या जुन्या चित्रनगरीत चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. जे शिक्षण मथुरा भवनच्या काळोख्या खोलीत कर्जाच्या पैशांवर दिले गेले, त्याला अभ्यासक्रमाचे रूप यावयास जवळजवळ अर्धशतक लागले. १९६९ पासून त्यांच्या नावाने केंद्र सरकारचा पुरस्कार दिला जाऊ लागला. २००८ या वर्षासाठीचा तो पुरस्कार व्ही. के. मूर्ती या छायालेखकाला मिळाला. आयुष्य कॅमेऱ्यामागे घालविलेल्या कलावंताच्या गळ्यात फाळके यांच्या नावाचे पदक पडावे, यात मोठे औचित्य होते.

फाळके यांनी काढलेल्या चित्रपटांपैकी फारच थोडे अवशेष आज शिल्लक आहेत. नायट्रेटच्या त्या फिल्म काळाच्या आणि आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मात्र विद्या ज्या हातांना दिली जाते ते हात ती दुसऱ्यांना देतात आणि ती साठवून ठेवण्यास पेटी लागत नाही. गज्जर यांनी बडोद्यातील एका तरुणाकडे प्रयोगशाळा सोपविली. त्या तरुणाने प्रौढपणी पत्नीला, मित्राला आणि उपाहारगृहातल्या एका नोकराला तीच विद्या दिली. परका छायालेखक पगारावर आणण्याऐवजी आपला छायालेखक आपण घडवावा, हा १९१२ सालचा निर्णय जोखमीचा होता खरा. पण भारतीय चित्रपट पहिल्या चित्रापाशी थांबला नाही, याचे एक मोठे कारण त्या निर्णयात आहे.